पंचनाम्याच्या पुढचं पान



नागरी सुरक्षेचं संशोधन म्हटलं की उपग्रह आणि परदेशातल्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येतात. आपल्या गेवराई तालुक्यात मात्र हा विषय वळवाच्या विजेचा आहे, गोदावरीच्या पाण्याचा आहे आणि माळवदाच्या घराचाही आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती बहुतेक आपल्याच भिंतींखाली. चिखलात रचलेले दगड आणि वर मातीचं जड छत. भिंतीचे दोन्ही थर बांधून धरणारे लांब दगड आणि चारी भिंतींना जखडणारा आडवा पट्टा असला, तर असं घर बरंच टिकाव धरतं, हे अभियंत्यांनी सांगून झालं आहे. पण माळवदाखाली आजही झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत ते कोणी नेलं?

ही अडचण केवळ आपली नाही. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीला पूर आला. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेने काही दिवस आधीच धोका कळवला होता. तरीही त्या वेळच्या पुरांत जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. शास्त्र वेळेवर पोहोचलं ते कार्यालयांत; नदीकाठच्या घरांत नाही. त्यानंतर त्या देशाने मोबाईल मनोऱ्यावरून थेट इशारा देण्याची सोय केली. आपल्याकडे सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने तशीच यंत्रणा उभारली आहे. २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी आपले फोन एकदम मोठ्याने वाजले होते, ते तुम्हाला आठवत असेल.

या यंत्रणेचा एक गुण आपल्या बीड जिल्ह्याने नीट समजून घ्यावा. तिला तुमचा नंबर लागत नाही. मनोऱ्याच्या टप्प्यात जो फोन चालू असेल, तो वाजतो. म्हणजे ऊसतोडीला गेलेला आपला माणूस ज्या फडात असेल, तिथला इशारा त्याला मिळू शकतो. पण त्याचा कोयता कर्नाटकात चालत असेल आणि इशारा कानडीत आला, तर? या प्रश्नाचं संशोधन बीडनेच मागायला हवं. ऊसतोडीचं स्थलांतर आपल्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

आता विजेबद्दल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' हे ॲप केलं. वीज चमकताना निघणाऱ्या रेडिओ लहरी ठिकठिकाणचे संवेदक टिपतात आणि त्या कोणत्या संवेदकाकडे केव्हा पोहोचल्या, यावरून जागा ठरते. उत्तम काम आहे. पण खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला फोन नसतो. आभाळ आलं की ती लिंबाखाली जाते, आणि नेमकं तिथेच जाऊ नये. पक्कं घर गाठावं हेच खरं. ते दूर असेल तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसावं. त्याने धोका फार तर कमी होतो.

वीज पडून माणूस गेला की तलाठी पंचनामा करतो आणि वारसाला चार लाखांची मदत मिळते. ती मिळायलाच हवी. पण तो कागद फाईलमध्ये मिटतो, याचं मला फार वाईट वाटतं. किती वाजता पडली, माणूस कोणतं काम करत होता, झाडाखाली होता का, इशारा आला होता का, आला तर कोणी ऐकला? एवढं प्रत्येक वेळी नोंदवलं, तर दहा वर्षांत या तालुक्याच्या हाती अशी माहिती येईल जी कोणत्याही उपग्रहाकडून मिळणार नाही.

हे काम इथल्या शाळा-महाविद्यालयांनी हाती घ्यावं. मुलांनी वस्तीवस्तीवर जाऊन, ज्यांच्या घरी असा आघात झाला आहे त्यांची परवानगी घेऊन, अदबीने विचारावं आणि लिहून ठेवावं. महसूल खात्याने नावं झाकून जुने पंचनामे त्यांना वाचायला द्यावेत. येत्या मृगाच्या आधी या नोंदींची पहिली वही तयार व्हावी, असा ठराव चकलांब्याच्या या परिषदेने करावा, ही माझी अध्यक्ष म्हणून सूचना आहे.