जपानचा एक वाह्यात विनोदकार



या व्यासपीठावरून मुलांच्या चित्रकथा काढणाऱ्या माणसाविषयी बोलायचे, हे काही श्रोत्यांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. त्यातून हा माणूस म्हणजे फुजिओ आकात्सुका! त्यांच्या कथांत बोध नाही, शेंडा नाही, बुडखा नाही. अशा चित्रकथांना जपानात 'मांगा' म्हणतात, हे तुमच्या घरातील मुलेच तुम्हांस सांगतील. हा वाह्यातपणा आला कोठून, एवढेच आज पाहावे असे आम्ही ठरविले आहे.

आकात्सुका 1935 साली जन्मले ते जपानात नव्हे, तर जपानने चीनचा मुलूख बळकावून उभारलेल्या मांचुकुओ राज्यात. वडील पोलीस खात्यात होते. 1945 साली जपान हरला, वडिलांना रशियनांनी सैबेरियात नेले, आणि आई मुलांना घेऊन 1946 साली मायदेशी परतली. माहेरी पोहोचते न पोहोचते तोच तिची तान्ही मुलगी घटसर्पाने गेली. पुढे फुजिओंनी निइगाता येथे दुकानांच्या पाट्या रंगविल्या, तोक्योत रसायनांच्या कारखान्यात काम केले. या माणसाने जन्मभर रडकथा लिहिल्या असत्या तर कोणास नवल वाटले असते?

1956 साली ते तोक्योतील 'तोकिवासो' या लाकडी इमारतीत राहावयास गेले. आपण तिला चाळच म्हटले असते. एकेका खोलीत एकेक तरुण चित्रकार. आकात्सुकांच्या वाट्याला मुलींच्या भावुक कथा आल्या, आणि त्याही चालेनात. हा नाद सोडावा असे मनात आले, तेव्हा त्याच इमारतीतील हिरोओ तेरादा यांनी 50 हजार येन उसने दिले. मग 1958 साली एका मासिकात जागा रिकामी पडली. ती भरण्यापुरती म्हणून त्यांनी एक विनोदी कथा काढून दिली, आणि तीच चालली!

1962 साली 'ओसोमात्सु-कुन' आली. एकाच चेहऱ्याचे सहा जुळे भाऊ तिचे नायक. पण बाजी मारली ती इयामी या दातपुढ्या, फ्रान्सच्या बढाया मारणाऱ्या गृहस्थाने. तो हातपाय वेडेवाकडे करून 'शेऽऽ' म्हणे, आणि सारा जपान त्याची नक्कल करी. 1965 च्या एका चित्रपटात तर गॉडझिला राक्षसानेही ती केली.

परंतु आमच्या मते त्यांची खरी करामत म्हणजे 1967 ची 'तेन्साई बाकाबोन'. नावाचा अर्थ साधारण 'अलौकिक बुद्धीचा बावळट' असा. त्यातला बाप धडधडीत मूर्ख. शेजारचा पोलीस कारण असो नसो, पिस्तूल झाडतो. घोटाळ्यावर घोटाळा होतो आणि शेवटी बाप म्हणतो, हे असेच ठीक आहे. हा आळशाचा समाधानीपणा नव्हे. ज्याच्या घरादाराची लहानपणीच वाताहत झाली, त्याने जगाशी केलेली ही समजूत आहे, असे आम्हांस वाटते.

पुढे त्यांनी चित्रकथेचीच थट्टा मांडली. उजवा हात दुखावल्याचे सांगून एक भाग डाव्या हाताने काढला. एकदा दोन पाने भरून खऱ्या आकाराची तोंडे काढली. 1974 साली तर आपले गाजलेले नाव टाकून काही काळ 'यामादा इचिरो' हे अगदी सामान्य नाव घेतले. या शेवटच्या युक्तीत आम्हांस विशेष हसू येत नाही. पण चालते दुकान स्वतः बंद करणारा दुकानदार विरळाच.

उत्तरायुष्यात दारूने त्यांना ग्रासले आणि हातून काम कमी झाले. हे झाकण्यात अर्थ नाही. तरी 2000 साली त्यांनी अंध मुलांसाठी बोटांनी चाचपून पाहावयाचे चित्रपुस्तक काढले. 2002 साली मेंदूत रक्तस्राव होऊन ते बेशुद्ध झाले, आणि 2 ऑगस्ट 2008 रोजी, वयाच्या 72 व्या वर्षी वारले.

अंत्यविधीच्या वेळी तामोरी हा विख्यात विनोदी नट बोलावयास उभा राहिला. तो अनोळखी असताना आकात्सुकांनी त्याला आपल्या घरात ठेवून घेतले होते आणि स्वतः कामाच्या जागेत जाऊन राहिले होते. हातातील कागदाकडे पाहत तो काही मिनिटे अस्खलित बोलला. मीसुद्धा तुमचीच एक कलाकृती आहे, असे त्याने म्हटले. पाहणाऱ्यांचे लक्ष मग त्या कागदाकडे गेले. तो कोरा दिसत होता.