नोंदवहीतला हिवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचं बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला दोन गोष्टी दाखवतो. एक किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानं पुरा केला. दुसरी मिर्झाराजे जयसिंग यांची मन नदीकाठची छत्री. तिसरी गोष्ट मात्र आता दाखवता येत नाही. एकेकाळी बाळापुरात हातानं कागद तयार होत असे आणि त्याचं नाव होतं. म्हणून कोणी एखाद्या समितीबद्दल 'ती नुसती कागदावर आहे' असं म्हटलं की मला कागदाची बाजू घ्यावीशी वाटते. कागदाचा काय दोष? त्यावर जे लिहू तेच तो सांभाळणार.

आज मला अशाच एका समितीबद्दल बोलायचं आहे. जैवविविधता व्यवस्थापन समिती. नाव जड आहे, पण ती आपल्या सगळ्यांच्या गावात आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेला ती नेमायला सांगितलं. २००४ च्या नियमांत एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असं तिचं स्वरूप होतं. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, अशी अट होती. ही मंडळी गावातलीच, पगाराविना काम करणारी. त्यांचं मुख्य काम लोकांना विचारून गावची जैवविविधता नोंदवही तयार करणं. गावात कोणती झाडं, कोणती पिकं, कोणती जनावरं, कोणते मासे, कोणाला कशाचा उपयोग ठाऊक आहे, हे सगळं त्या वहीत यावं. ही कल्पना देशात रुजवणाऱ्यांत माधव गाडगीळ हे आपले मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते.

कायदा झाला, पण पुढे चौदा वर्षं फारसं काही हललं नाही. २०१६ पर्यंत देशातल्या अडीच लाखांवर स्थानिक संस्थांपैकी जेमतेम दहा हजारांनी समित्या नेमल्या होत्या. मग प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आदेश झाला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळं पूर्ण करा, नाहीतर प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील. आणि जे चौदा वर्षांत झालं नव्हतं, ते पाच महिन्यांत व्हायला लागलं!

त्या धांदलीत माझा संबंध आला. बाळापूरपासून जवळच्या एका गावातले माझे एक स्नेही घरी आले. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाची चूक ती अनेक गावांची चूक होती आणि तिच्यात मीही भागीदार होतो. त्यांच्या हातात छापील तक्ते होते. म्हणाले, "भाई, तुमी कवी मानूस. मराठी चांगलं लेहता. आठ दिवसांत एवढं भरून द्या." सोबत नमुना म्हणून कुठल्याशा गावाची भरलेली वही होती. मी बी.ए. मराठीचा. रकाने भरणं मला काय जड? चहा घेता घेता मी हो म्हटलं.

रात्री नमुना उघडला. त्यात कोकम होतं, सुरंगी होती, काजू होता. खारपाणपट्ट्यात कोकम! ज्या गावच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्या गावच्या नावावर कोकणची झाडं चढायची होती. मला हसू आलं. हसता हसताच लक्षात आलं की कोकम खोडून तिथं काय लिहायचं, हे मला कुठं माहीत आहे? पंचवीस वर्षं मी कवितेत झाड, पान, फांदी हे शब्द वापरत आलो. पण बाभूळ कोणती आणि हिवर कोणता, हे मला समोर उभं करून विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. स्नेह्यांनी एका म्हाताऱ्या बाईंशी गाठ घालून दिली. सगळं आयुष्य निंदण-खुरपणात आणि शेळ्यांमागे गेलेलं. समितीत दोन महिला होत्या, पण त्यांत या आजी नव्हत्या. मी वही काढली तशा त्या म्हणाल्या, "आता काय दाखवू तुले, बाबू? भाज्या का थंडीत निंगतात? पावसायात ये."

आठ दिवसांच्या मुदतीला त्यांचं हे उत्तर होतं. तरी नाल्याच्या काठानं आम्ही तासभर फिरलो. पांढुरक्या सालीचं झाड दाखवून त्या म्हणाल्या, हा हिवर. बाभळीचं फूल पिवळं, याचं फिकट. याच्या शेंगा शेळ्या आवडीनं खातात. मग त्यांनी मला वर्षभराच्या भाज्या बोटांवर मोजून दाखवल्या. उन्हाळ्यात चिवळ. पहिल्या पावसावर तरोटा आणि कुंजर. आषाढात जिवतीची फुलं. तांदुळजा, घोळ, आंबाडी, पाथरी, प्रत्येकीची जागा आणि वेळ वेगळी. पुढे एका जुन्या विहिरीपाशी थांबून त्यांनी सांगितलं की हिचं पाणी गोड आहे. आजूबाजूच्या साऱ्या विहिरी खारट आणि ही एक गोड, हे गावातल्या नव्या सुनांना ठाऊक नव्हतं. घरोघरी नळ आल्यावर विहीर विस्मरणात गेली होती. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो खारपाण गावांत गोड पाण्याची एक विहीर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एका झुडपाजवळ मात्र त्या गप्प झाल्या. मी विचारलं, "आजी, हे कशावर चालतं?" त्या म्हणाल्या, "ते नाई सांगत. लेहून नेशीन अन् उद्या कोनी पोतं भरून उपटून नेईन." मला राग आला नाही. कायद्याच्या मुळाशी असलेली गोष्टच आजींनी सांगितली होती. ज्याचं ज्ञान, त्याची संमती हवी. जे सांगायचं नाही ते न लिहिण्याची मुभा हवी. त्या झुडपाचं नाव मी वहीत लिहिलं आणि उपयोगाचा रकाना कोरा ठेवला.

मुदतीत आम्ही तेवीस पानं दिली. 'फार कमी आहे' असा शेरा आला. नमुन्याची वही शंभराच्या वर पानांची होती ना! मग टाळेबंदी आली. पुढच्या वर्षी आषाढात मी पुन्हा गेलो आणि राहिलेल्या भाज्या आजींसोबत पाहून लिहिल्या. ती पुरवणी कोणी मागितली नव्हती.

पुढची गोष्ट महत्त्वाची. काही महिन्यांनी नाल्याच्या काठाचं सुशोभीकरण निघालं. काठावर सात हिवर होते. समितीला कोणी विचारलं नाही. समितीच्या हाती झाड वाचवण्याचा अधिकार नाही, ती सल्ला देते. पण वहीत हिवरांची संख्या होती, जागा होती, शेळ्यांच्या चाऱ्याचा उल्लेख होता. समितीतल्या दोघी बायांनी ते पान घेऊन ग्रामसभेत उभं राहून विचारलं, "हे कापाले कोनं सांगतलं?" तोवर चार कापून झाले होते. तीन राहिले. मी याला विजय म्हणणार नाही. पण त्या वहीत कोकम लिहिलेलं असतं, तर त्या दोघींच्या हातात काय असतं?

श्रोतेहो, आपल्याकडे उत्साहाची कमतरता नाही. १३ जानेवारी २०१८ ला अकोल्यात मोर्णा नदी स्वच्छ करायला हजारो माणसं उतरली. पंधरा दिवसांनी पंतप्रधानांनी रेडिओवरून त्यांचं कौतुक केलं, तेव्हा आम्हा जिल्हावासीयांची मान उंचावली. पण जलपर्णी ही अशी वनस्पती आहे की सांडपाणी येत राहिलं की तीही येत राहते. एका दिवसाला हजार हात लागतात. त्यानंतरच्या तीनशे चौसष्ट दिवसांना चार-सहा चिवट माणसं लागतात. समिती असते ती त्यासाठी.

शहरांतही हेच आहे. झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, झाडं मोजण्याची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. जैवविविधता कायद्यातही २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, पण समिती राहिली आणि नोंदवहीही राहिली. देशात आता पावणेतीन लाखांच्या आसपास समित्या आहेत. एवढी माणसं खरोखर आपापल्या नाल्याकाठी तासभर फिरली, तर केवढी मोठी वही होईल!

म्हणून माझं एक मागणं आहे. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा आणि गावची नोंदवही पाहायला मागा. तिच्यात न उगवणारं झाड असेल तर ते खोडायला सांगा. उगवणारं राहिलं असेल तर लिहायला सांगा. आणि वाचता न येणाऱ्या एखाद्या आजीला जवळ बसवून ती वही मोठ्यानं वाचून दाखवा. चूक कुठं आहे ते ती लगेच सांगेल.

आमच्या आजी गेल्या साली वारल्या. त्या झुडपाचा उपयोग त्यांनी कोणाला सांगितला की नाही, मला ठाऊक नाही. वहीतला तो रकाना अजून कोराच आहे.