पीसीची फ्लॉपी आणि आठ बिटांचा संगणक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, शिवकालीन पत्रव्यवहारावर विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्यांच्या पंक्तीला फ्लॉपी डिस्कसारखा विषय घेऊन बसण्याचा आम्हांस संकोच वाटतो. तथापि कार्यकारिणीने आम्हां तिघांवर जे काम सोपविले होते त्याचा हिशेब आपणापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य होय, आणि तो हिशेब द्यावयाचा तर चुंबकीय तबकडीच्या पोटात शिरण्यावाचून गत्यंतर नाही.

काम असे होते. मंडळाच्या ग्रंथालयात सव्वापाच इंची चौदा फ्लॉपींचा एक डबा आहे. १९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळातील मुलांनी संस्थापक सभासदांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि शाळेतल्या बीबीसी मायक्रो संगणकावर रोमन अक्षरांत टंकलिखित केल्या. पहिला गणेशोत्सव कोणाच्या अंगणात झाला, मूर्ती कोठून आणली, वर्गणी मागायला कोण कोण हिंडले, हे सांगणारी माणसे आता आपल्यात नाहीत. मुलांच्या वह्या वडिलांच्या बदल्यांबरोबर गावोगाव गेल्या आणि गहाळ झाल्या. उरला तो हा डबा. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी त्यातील मजकूर हवा होता.

बीबीसी मायक्रो हे इंग्लंडातील एकॉर्न कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेले यंत्र. त्यात ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर आणि ‘बी’ या नमुन्यात अवघी ३२ किलोबाइट स्मृती. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली १९८४-८५ पासून ते भारतातील शाळांत येऊ लागले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते ‘युनिकॉर्न’ या नावाने येथे तयारही केले. आज पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यातील कित्येकांनी पहिला प्रोग्राम त्याच्याच कळफलकावर बडविला असेल. शाळेने ती यंत्रे मोडीत काढली तेव्हा आपल्या एका सभासदांनी एक विकत घेऊन माळ्यावर ठेवले होते. त्यांच्या पत्नीने ते भंगारवाल्याला दिले नाही, याबद्दल त्या काकूंचे जाहीर आभार मानणे अवश्य आहे.

आता कोणी म्हणेल, की आजच्या लॅपटॉपला यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह जोडावी आणि डब्यातील तबकड्या वाचून घ्याव्यात. ते होत नाही. एक तर या ड्राइव्ह साडेतीन इंची तबकडीच्या. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे, की त्यांना पीसीच्या ठरीव मांडणीखेरीज दुसरे काही वाचता येत नाही. त्यांच्या पोटातील चिप पीसीच्या सेक्टरांपलीकडचे जग जाणत नाही. तेव्हा अशा ड्राइव्हला जुन्या यंत्राची भाषा शिकविण्याचा मार्ग बंद. आम्ही धरला तो उलटा मार्ग: जुन्या यंत्रालाच पीसीची फ्लॉपी वाचायला व लिहायला शिकवावे आणि डब्यातील मजकूर त्याच्याच हातून पीसीच्या तबकडीवर उतरवून घ्यावा. परमुलुखात येऊन इथली भाषा शिकलेल्या आपणां सर्वांना यात नवल वाटू नये.

पहिली अडचण लिपीची. तबकडीवर शून्य आणि एक हे चुंबकीय पालटांच्या रूपाने लिहिले जातात आणि ते लिहिण्याच्या पद्धती अनेक. जुन्या ‘एफएम’ पद्धतीत प्रत्येक बिटाच्या आधी ठेका धरणारा एक ठोका असतो. त्यामुळे निम्मी जागा ठेक्यातच जाते. पुढच्या ‘एमएफएम’ पद्धतीत अनावश्यक ठोके गाळले, म्हणून तेवढ्याच लांबीत दुप्पट मजकूर मावू लागला. ऑगस्ट १९८१ मध्ये निघालेल्या आयबीएम पीसीने आरंभापासून हीच दुसरी पद्धत घेतली. बीबीसी मायक्रोत मात्र मुळात इंटेलची ८२७१ ही चिप असे आणि तिला फक्त एफएम कळे. अशा यंत्रात पीसीची फ्लॉपी घातली तर मजकूर डोळ्यांसमोर असून निरक्षरासारखी अवस्था होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांची भाषा मराठीच आहे, पण बाळबोध वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तसेच हे. पुढे एकॉर्ननेच वेस्टर्न डिजिटलची १७७० ही चिप स्वीकारली. तिला दोन्ही पद्धती येतात. आमच्या यंत्रात जुनीच चिप होती, म्हणून १७७० बसविलेली एक छोटी पट्टी मिळवून तिच्या जागी जोडली. ही दुभाषी चिप नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

इतर आठ-बिटी यंत्रांची गत याहून निराळी नव्हती, हे ओघाने सांगितले पाहिजे. कॉमोडोर ६४ ची १५४१ ड्राइव्ह आणि ॲपल टूची डिस्क टू या दोहोंत ‘जीसीआर’ नावाची तिसरीच पद्धत. पीसीला ती अगम्य आणि पीसीची त्यांना. कॉमोडोरने १९८५ साली १५७१ ही ड्राइव्ह काढली, तीत १७७० चिप घातली, आणि मग ‘बिग ब्लू रीडर’सारखे प्रोग्राम वापरून पीसीच्या फ्लॉपी वाचता येऊ लागल्या. ॲमस्ट्रॅड सीपीसीचे नशीब बलवत्तर: त्याची चिप पीसीच्याच घराण्यातली, एनईसीची ७६५, केवळ तीन इंची तबकडीची विचित्र आवड तेवढी आड आली. आणि जपानातून १९८३ साली जाहीर झालेल्या एमएसएक्स यंत्रांना तर काहीच करावे लागले नाही. त्यांची एमएसएक्स-डॉस ही प्रणाली टिम पॅटर्सन यांनी लिहिली आणि पीसीच्या एमएस-डॉसचे मूळही त्यांच्याच हातचे. त्यामुळे ७२० किलोबाइटची पीसी फ्लॉपी त्या यंत्रांत घातली की सरळ वाचली जाते.

आमच्या यंत्राला जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हबरोबर साडेतीन इंची ड्राइव्ह त्याच चौतीस तारांच्या पट्टीने जोडली. येथे एक सावधगिरीची गोष्ट. पीसीची १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी येथे चालत नाही, कारण तिच्यावरून बिट दुप्पट वेगाने येतात आणि १७७० ला तो वेग झेपत नाही. म्हणून तबकडी ७२० किलोबाइटचीच हवी. जास्तीच्या भोकावर चिकटपट्टी लावून मोठ्या फ्लॉपीची छोटी करण्याची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. जतनाच्या कामात ती वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्हींचा चुंबकीय लेप वेगळा असतो आणि लिहिलेले टिकेलच याचा भरवसा नाही.

७२० च्या तबकडीवरूनही दर ३२ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. प्रोसेसरचे सेकंदाला वीस लक्ष ठोके, म्हणजे एका बाइटला ६४ ठोके. एकेका आज्ञेस दोनपासून सातपर्यंत ठोके लागतात. तेवढ्यात चिपची हाक ऐकणे, बाइट उचलणे, स्मृतीत ठेवणे आणि पुढच्यासाठी सज्ज होणे, हे सारे उरकावे लागते. क्षणभर उशीर झाला तर तो बाइट गेलाच. हा भाग बेसिकमध्ये लिहून भागत नाही, यंत्रभाषाच हवी. सुदैवाने बीबीसी बेसिकमध्ये असेंबलर अंगचाच असतो. प्रोग्राम यंत्रात घालण्यासाठी दुसरी वाट नसल्याने तो कागदावरून बघून एकेक ओळ कळफलकावर चढविला. हे काम आमच्यातील सर्वांत ज्येष्ठांनी केले. बँकेत खतावण्या लिहिलेल्या माणसाच्या हातून आकडा चुकत नाही.

चिप वाचू लागली की सेक्टर मिळतात, परंतु सेक्टर म्हणजे फाइल नव्हे. बीबीसीचा सेक्टर २५६ बाइटांचा, पीसीचा ५१२ चा. बीबीसी तबकडीच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र ड्राइव्ह मानते. पीसी प्रत्येक ट्रॅकला आधी खालची बाजू, मग वरची, असे वाचत पुढे सरकते. हा पदार्थविज्ञानाचा नव्हे, रिवाजाचा भाग, म्हणून फार न रेंगाळता त्या रिवाजातील खऱ्या मौजेकडे वळू.

पीसीवर कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी एक सारणी असते. तिला ‘फॅट’ म्हणतात. तबकडीचे दोन-दोन सेक्टरांचे कप्पे पाडलेले असतात. ७२० च्या तबकडीवर असे ७१३ कप्पे. सूचीमध्ये फाइलचा पहिला कप्पा तेवढा नोंदलेला. पुढचा कप्पा कोणता, हे पहिल्या कप्प्याच्या नावच्या घरात पाहावे, त्यापुढचा दुसऱ्याच्या घरात, असे शेवटची खूण येईपर्यंत जावे. आपल्याकडे लग्नघरी पत्ता विचारीत जातात तसे: या घरी पुढच्या घराचा ठावठिकाणा कळतो. गंमत अशी, की हे प्रत्येक घर बारा बिटांचे. आठ बिटांच्या यंत्राला बारा बिट म्हणजे दीड भाकरी! दोन घरे तीन बाइटांत कोंबलेली असतात आणि मधला बाइट दोघांत अर्धा-अर्धा वाटलेला. उदाहरणार्थ, ओळीने मांडलेल्या फाइलच्या सारणीत सुरुवातीच्या खुणेनंतर ०३, ४०, ०० असे तीन बाइट दिसतात. मधल्या ४० मधील शून्य मागच्या ०३ कडे जाते व ‘पुढचा कप्पा तीन’ असे होते; चार पुढच्या ०० कडे जातो व ‘त्यापुढचा चार’ असे होते. ६५०२ ला गुणाकाराची आज्ञा नाही. म्हणून कप्प्याचा क्रमांक घ्यायचा, त्याचा अर्धा त्यात मिळवायचा, आणि क्रमांक सम की विषम यावरून अर्धा बाइट सोडायचा किंवा सरकवायचा. ही व्यवस्था आठ बिटांना परकी वाटते खरी. वस्तुतः फॅटचा जन्म १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या ८०८० साठीच्या डिस्क बेसिकमध्ये, म्हणजे आठ बिटांच्याच घरी झाला होता. पुढे ती पीसीकडे गेली आणि मोठी झाली.

वाचन जमल्यावर लेखनाचे धाडस. नवी फाइल पीसीच्या सूचीत घालण्याचा खटाटोप आम्ही टाळला. कोऱ्या ७२० फ्लॉपीवर लॅपटॉपकडूनच नुसत्या रिकाम्या जागांनी भरलेली एक लांबलचक फाइल ठेवून घेतली. अशी फाइल पहिल्या ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूच्या सहाव्या सेक्टरापासून सलग मांडलेली असते. बीबीसीने सारणी वाचून साखळी खरोखर सलग असल्याची खात्री करावयाची आणि मग फक्त त्या सेक्टरांत मजकूर भरावयाचा. सूची व सारणी यांना हातही लावावयाचा नाही. बीबीसीच्या ओळीअखेर एकच खूण असते, पीसीला दोन लागतात, ती दुसरी वाटेत घातली. चौदाही फ्लॉपी काठोकाठ भरलेल्या असत्या तरी पीसीच्या दोन तबकड्यांत मावल्या असत्या, इतका तो ऐवज लहान.

चौदांपैकी अकरा निर्वेध वाचल्या गेल्या. दोहोंवर काही सेक्टरांची बेरीज जुळेना. ड्राइव्हचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पुन्हा पुन्हा वाचून त्यांतील बहुतेक मिळाले, आणि जेथे मिळाले नाही तेथे अंकात रिकामी चौकट छापली आहे. तर्काने शब्द भरणे आम्हांस योग्य वाटले नाही.

एवढे झाल्यावर शेवटची पायरी आली आणि तेथे कोणतीही चिप उपयोगी पडेना. मुलांनी रोमन अक्षरांत ‘माला’ असे लिहिले होते. ते मला, माळा, मळा की माला? ‘काल’ हा कालचा दिवस की काळ? त्यासाठी मंडळातील आजींना बोलाविले. चार दुपारी त्या कागद घेऊन बसल्या, आणि एका ठिकाणी तर वाक्य अर्धे वाचूनच ‘हे बोलणे अमक्याचेच’ म्हणून त्यांनी वक्ता ओळखला.

राहिलेल्या एका फ्लॉपीचा लेप सुटून डोक्याला चिकटू लागला, म्हणून ती फिरविणे थांबविले. तिच्या पट्टीवर मुलांच्या अक्षरात ‘गणपती – २’ असे लिहिले आहे, म्हणजे पहिल्या उत्सवाच्या हकीगतीचा उत्तरार्ध तिच्यात असावा. ती कोरड्या डब्यात स्वतंत्र ठेवली आहे. १९८८ सालच्या त्या वह्यांपैकी एखादी कोणा सभासदाच्या घरी, किंवा बदली होऊन गेलेल्या कोणाच्या संग्रही, अद्याप असेल तर ती ग्रंथालयात आणून द्यावी अशी विनंती आहे. नक्कल करून वही परत केली जाईल.