चंद्रावरची धूळ आणि पुढच्या पिढीची ठेव

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही धुळीसारखा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या घरात धूळ म्हणजे झाडून टाकण्याची वस्तू. कोणाचे मनोरथ फसले तर ते धुळीस मिळाले, असे आपण म्हणतो. परंतु याच उपेक्षित वस्तूकडून शास्त्रज्ञांनी सूर्यमालेच्या जन्माची साक्ष मिळविली आहे. ती कशी मिळाली आणि तिच्यापासून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून समुद्रतळाचा गाळ वर काढला. त्या गाळात जॉन मरे यांना लोहचुंबकाला चिकटणारे सूक्ष्म गोल मणी आढळले. ते आकाशातून आलेले होते. धूमकेतू व लघुग्रह यांपासून सुटलेले कण वातावरणात शिरताना तापतात. त्यांतील कित्येक वितळून गोल होतात व थंड होऊन खाली येतात. अंटार्क्टिकाच्या स्वच्छ बर्फातून असे कण वेचून २०२१ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे दरवर्षी सुमारे ५,२०० टन धूळ अशा रीतीने पृथ्वीवर उतरते. आपल्या घरांच्या छपरांवरही तिचा अंश पडत असतो. तिचे मोल एवढ्याचसाठी की, तिच्यातील पुष्कळसे द्रव्य सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे, ग्रह घडत होते त्या काळचे आहे. पृथ्वीचे त्या वेळचे खडक ऊन, पाऊस आणि तिच्या पोटातील उष्णता यांनी केव्हाच नाहीसे केले.

चंद्राची गोष्ट निराळी. तेथे वारा नाही, पाऊस नाही. अब्जावधी वर्षे उल्का आदळत राहिल्या आणि त्यांनी तेथील खडकांचा भुगा केला. तो भुगा वाहून नेणारे कोणी नसल्यामुळे त्याचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहिले आहेत. १९५५ साली टॉमस गोल्ड यांनी असे मत मांडले की, चंद्रावरची काळसर मैदाने धुळीच्या जाड थरांनी भरलेली असावीत. त्यावरून तेथे उतरणारे यान रुतून बसेल की काय, अशी भीती उत्पन्न झाली. या शंकेचा निकाल वादाने लागला नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत रशियाचे लूना-९ आणि जूनमध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर-१ चंद्रावर उतरले; दोन्ही याने पृष्ठभागावर स्थिर राहिली. पुढे जुलै १९६९ मध्ये माणसाचे पाऊल त्या धुळीत उमटले, ते थोडेसेच खोल.

१९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो खडक व माती पृथ्वीवर आणली. आमच्या मते खरा बोध येथून पुढे आहे. हे सारे एकदमच तपासून संपवावे, असे त्या वेळच्या शास्त्रज्ञांनी केले नाही. आपल्या उपकरणांना जे आज दिसत नाही, ते उद्याच्या उपकरणांना दिसेल, हे जाणून त्यांनी बराचसा भाग राखून ठेवला. काही नळ्या तर उघडल्याच नाहीत.

त्या संयमाचे फळ पाहा. चंद्र अगदी कोरडा आहे, असे मत या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षे रूढ होते. २००८ साली त्याच नमुन्यांतील ज्वालामुखीजन्य काचमण्यांची अधिक सूक्ष्म उपकरणांनी परीक्षा झाली, तेव्हा त्यांत पाण्याचा अंश सापडला. त्याच वर्षी आपले चांद्रयान-१ निघाले, आणि त्यावरील एका उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाण्याचे रेणू असल्याची चिन्हे टिपल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर १९७२ मध्ये सर्नन व श्मिट यांनी चंद्रभूमीत ठोकून भरलेली आणि तेथेच हवाबंद केलेली एक नळी २०२२ च्या मार्चमध्ये, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी, ह्यूस्टन येथे उघडण्यात आली. सर्नन २०१७ सालीच निवर्तले होते. आणि उघडणाऱ्यांपैकी कित्येकांचा १९७२ साली जन्मही झाला नव्हता. ज्यांनी ठेव ठेवली, त्यांनी ती स्वतःसाठी ठेवली नव्हती.

हे सारे परक्यांचे कौतुक, असे मात्र कोणी समजू नये. अपोलोने आणलेल्या नमुन्यांपैकी काही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांत विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा वाचून लाखो वर्षांचा इतिहास मांडला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, आणि ते विवर बसाल्टच्या काळ्या पाषाणात आहे. चंद्राची काळी मैदानेही बसाल्टचीच; म्हणून लोणारची काच चंद्रावरच्या काचेशी ताडून पाहण्यात आली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, आणि प्रज्ञान या गाडीने तेथील मातीत गंधक असल्याचे दाखविले.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी लवकर मिळवते व्हावे, ही आईबापांची इच्छा स्वाभाविक आहे. तिच्यामागे कष्टाचे दिवस आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु भूविज्ञान, पदार्थविज्ञान वा रसायन यांचा खोल अभ्यास करू इच्छिणाऱ्याला पदवीनंतर आणखी सहा-सात वर्षे लागतात. त्या वर्षांत घरात विचारले जाते, "अजून शिकतोसच का?" आणि मुलगी असेल तर हा प्रश्न अधिक लवकर व अधिक कठोरपणे विचारला जातो. गुण कमी म्हणून नव्हे, तर या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून चांगली बुद्धी मागे फिरते.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, आपल्या संस्थेच्या शिक्षणनिधीतून दरसाल निदान एक साह्य मूलभूत विज्ञानाच्या उच्च अभ्यासासाठी वेगळे ठेवावे, आणि त्याच्या परतफेडीची मुदत लांब असावी. त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहावयास आपल्यापैकी काही जण कदाचित नसतील. तरीही कार्यकारी मंडळाने या सूचनेचा येत्या सभेत विचार करावा, अशी आमची विनंती आहे.