बिडाची पन्हळ आणि जुनी भिंत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर पन्हळी आणि पाइप यांची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या इमारतीत आपली मुले बसतात, तिचे आयुष्य पुष्कळदा याच दोन वस्तूंवर अवलंबून असते.

प्रथम साधा हिशेब पाहू. 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी जमते. जुन्या दगडी इमारतींत हे पाणी रुंद छज्ज्यांवरून किंवा दगडी परनाळांतून भिंतीपासून दूर फेकले जाई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत दुसरी पद्धत रूढ झाली. छपराच्या कडेला बिडाची आडवी पन्हळ आणि तिथून जमिनीपर्यंत बिडाचा उभा पाइप. मुंबईच्या जुन्या इमारतींवर असे पाइप आजही दिसतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. भाकरीचा बिडाचा तवा आपल्या ओळखीचा आहे. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. पोलाद वितळायला सुमारे 1,500 अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर बीड 1,200 अंशांच्या आसपास वितळते. म्हणून साच्यात ओतून त्याचे नक्षीदार पाइप करणे सोपे गेले. मात्र तवा हातून पडला तर वाकत नाही, तडकतो. पाइपाचेही तसेच आहे. त्यावर हातोडा चालवू नये.

रंगरंगोटी ठेवली तर हे काम 100 वर्षांहून अधिक टिकते. बिघाड होतो तो न दिसणाऱ्या बाजूला. पाइप भिंतीला चिकटून बसवला असेल, तर मागे रंगाचा कुंचला पोहोचत नाही. पुढून पाइप चकचकीत, मागून गंजून फुटलेला! पाणी मुकाट्याने भिंतीत मुरते. चुन्याचे सांधे सैल होतात, लोणा लागून गिलावा फुगतो, वाशांची टोके कुजतात. मग आपण वरून सिमेंटचा गिलावा करतो आणि ओल आतच कोंडतो. रोग छपराशी असतो, मलमपट्टी भिंतीला होते.

दुर्लक्षाची किंमत काय असते, याचे उदाहरण मुंबईच्या काळा घोडा भागात आहे. तेथील वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट मुंबईत याच ठिकाणी दाखवले गेले. पुढे ही वास्तू एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली आणि देखभालीअभावी जर्जर झाली. 2005 साली तिचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. तेथे प्रश्न एकट्या पाइपाचा नव्हता, सगळ्याच देखभालीचा होता. परंतु देखभालीची सुरुवात पाण्यापासूनच होते.

मग करायचे काय? रोहिणी नक्षत्र लागले की पन्हळीतील पाने, माती व घरटी काढावीत. पाइपामागे आरसा धरून गंज पाहावा. बोटाने हलकेच वाजवावे. धड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. पाइप आणि भिंत यांत बोटभर अंतर राहील असे आधार बसवावेत. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहावे आणि पाणी कोठून गळते ते वहीत टिपावे. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या रंगांत व सांध्यांच्या लुकणात शिसे असू शकते. ते विषारी आहे. म्हणून ते खरवडण्याचे काम मुलांना देऊ नये.

पालकहो, नवी खोली बांधायची म्हटले की वर्गणी जमते, कारण तिच्यावर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. पन्हळ साफ करणाऱ्याची पाटी कोणी लावत नाही. तरीही संस्थेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी या कामासाठी थोडी रक्कम वेगळी काढावी, अशी माझी विनंती आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ओतारी, गवंडी, जोडारी यांचे काम कमी दर्जाचे समजू नका. जुन्या इमारती वाचवायला हाताचे कसब असलेली शिकलेली माणसे लागतात, आणि ती सहजासहजी मिळत नाहीत. तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेला, तर त्याला पोटापाण्याचा उद्योग मिळेल आणि पुढच्या पिढीच्या डोक्यावर छप्पर राहील.