जनुक थांबवून रोग हटविणारी विद्या



आपल्या खानदेशात, सातपुड्याच्या वस्त्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. थॅलेसेमिया हा त्याचाच भाऊबंद; तो तर कोणत्याच समाजाला सोडत नाही.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात हा दोष नसतो. परंतु जन्मानंतर 'बीसीएल ११ ए' हे जनुक ते जवळजवळ बंद करते. गिरणेच्या पाटावरील पाटकऱ्याने दार पाडावे, तसे. शास्त्रज्ञांनी या पाटकऱ्यालाच गप्प बसविले. रुग्णाच्या मूळपेशी काढून, क्रिस्पर नावाच्या सूक्ष्म कात्रीने रक्तपेशींपुरते त्या जनुकाचे काम कमी केले आणि त्या पेशी परत शरीरात सोडल्या. जुना पाट पुन्हा वाहू लागला. २०२३ मध्ये ब्रिटनने दोन्ही रोगांसाठी या उपचारास मान्यता दिली.

मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. म्हणून आपला खरा आधार रक्ततपासणी. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता चारांत एक. नात्यातील लग्नात असा योग अधिक संभवतो. वाहक असणे हा रोग नव्हे, कलंकही नव्हे. पालकहो, सोयरीक ठरविण्यापूर्वी मुलामुलींची, दोघांचीही, तपासणी करा.

आणि विद्यार्थ्यांनो, ही महागडी विद्या गरिबाच्या दारी आणण्याचे काम अजून बाकी आहे. ते तुमची वाट पाहत आहे.