बाळपणचें रक्त

१९०४ सालच्या डिसेंबरांत शिकागो येथील एका रुग्णालयांत एक तरुण दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटांतून तो दंतवैद्यक शिकण्यासाठीं आला होता. खोकला, ताप, पायांवर व्रणांचे जुने वण आणि रक्त अगदीं फिकट. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनीं त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तों तांबड्या पेशींपैकीं कित्येक वाटोळ्या नसून लांबट व वांकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या दिसल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. मात्र रोगाचें निदान झाल्याचा दावा केला नाहीं. पाहिलें तेवढें लिहिलें आणि प्रश्न उघडा ठेवला. हा संयम शास्त्रज्ञांतही दुर्मिळच म्हणावा लागेल. तो विद्यार्थी पदवी घेऊन मायदेशीं परतला, दांतांचा व्यवसाय करूं लागला, आणि १९१६ सालीं न्यूमोनियानें वारला. त्याचें वय तेव्हां अवघें बत्तीस वर्षांचें होतें.

हा विकार केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, असा पुष्कळ काळ समज होता. १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तांत लेहमन व कटबुश या संशोधकांना तोच विळा आढळला. विदर्भांत, गडचिरोलीच्या अरण्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं नंदुरबारकडे 'सिकलसेल' हा इंग्रजी शब्द आज इतका रुळला आहे कीं, अक्षरशत्रु म्हातारीही तो उच्चारते. शहरांतील घरांना तो दूरचा वाटतो. पण रक्ताला शहर आणि रान हा भेद ठाऊक नसतो, आणि माणसें तर नोकरीधंद्यासाठीं सर्वत्र विखुरलेलीं आहेत.

निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याची पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडतें. याहून वाईट म्हणजे प्राणवायु कमी झाला कीं पेशींतील हीमोग्लोबिनचे रेणु एकमेकांना चिकटून ताठ दोर वळतात, पेशी वांकते, बारीक रक्तवाहिनी तुंबते आणि पुढच्या भागाला रक्त पोंचत नाहीं. त्यांतून हाडांत जी वेदना उठते ती पाहवत नाहीं. थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणें यांतील कांहींही निमित्त पुरतें. वरून मात्र कांहीं दिसत नाहीं! वर्गांत वारंवार गैरहजर राहणारा, खेळाच्या तासाला झाडाखालीं बसून राहणारा मुलगा आळशी ठरतो आणि कित्येकदां छडीही खातो.

या वेदनेचें मूळ किती सूक्ष्म असावें? १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्याचें हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रांत निराळ्या गतीनें सरकतें. अर्थात् विकार पेशीचा नव्हे, रेणूचा आहे. पुढें सात-आठ वर्षांतच केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं नेमकी जागा हुडकली. हीमोग्लोबिनच्या बीटा नामक साखळींत १४६ कड्या असतात. त्यांतील सहावी तेवढी बदललेली. ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन. बाकीच्या १४५ कड्या जशाच्या तशा! 'दिन' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली कीं दिवसाचा 'दीन' होतो, तसाच हा प्रकार.

प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ति वाहक होय. ती सामान्यतः निरोगी असते. उलट, १९५४ सालीं ॲलिसन यांनीं दाखविलें कीं वाहकाला हिंवतापाच्या घातक झटक्यापासून बरेंच संरक्षण मिळतें. हिंवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्पिढ्या कां टिकला, याचें उत्तर तेथें सांपडतें. दोन्ही प्रती सदोष झाल्या तर मात्र रोग. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत ही शक्यता चारांत एक. पहिलें मूल आजारी निघालें, आतां पुढचीं तीन खात्रीनें निरोगी, असा हिशेब करणारे सुशिक्षितही भेटतात. तो हिशेब चुकीचा आहे. फांसा प्रत्येक वेळीं नव्यानें पडतो.

आतां उपचाराकडे वळावें. त्याचा धागा एका साध्या निरीक्षणांत आहे. १९४८ सालीं ब्रुकलिन येथील डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानांत आलें कीं, सदोष जनुक घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तांत विळे फारच थोडे दिसतात. गर्भांत असतांना बाळाचें हीमोग्लोबिन निराळें असतें. त्यांत ती बीटा साखळीच नसते. जन्मानंतर कांहीं महिन्यांत तें ओसरतें, प्रौढ हीमोग्लोबिन त्याची जागा घेतें आणि मग दुखणें डोकें वर काढतें. ज्या थोड्या लोकांत हें बाळपणचें हीमोग्लोबिन मोठेपणींही टिकून राहतें, त्यांना रोगाचा त्रास पुष्कळदां सौम्य होतो. म्हणजे औषध रोग्याच्या अंगांतच होतें, फक्त निजलेलें! त्याला निजविणारें जनुक बी-सी-एल-११-ए हें होय, असें २००८ सालीं बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेनें सिद्ध केलें.

जीवाणूंच्या स्वसंरक्षणाच्या युक्तीवरून बनविलेली 'क्रिस्पर' नामक रेण्वीय कात्री २०१२ सालीं शार्पांतिये व डाउडना या दोघी विदुषींनीं जगापुढें ठेवली. २०२० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या कात्रीनें चुकलेली सहावी कडी दुरुस्त केली जाते, असा समज होणें स्वाभाविक आहे. पण 'कॅसजेव्ही' या उपचारांत तसें होत नाहीं. रोग्याच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांतील त्या निजविणाऱ्या जनुकाची कळ तेवढी छाटतात, आणि बाळपणचें हीमोग्लोबिन पुन्हां जागें होतें. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना जुलै २०१९ मध्यें अशा पेशी देण्यांत आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें आणि डिसेंबरांत अमेरिकेनें या उपचाराला मान्यता दिली. बीटा थॅलासेमियांत बीटा साखळीच अपुरी पडते. म्हणून तेथेंही हीच युक्ति लागू पडते.

मात्र हें सुख सोपें नाहीं. नव्या पेशींना जागा करण्यासाठीं जुनी अस्थिमज्जा जहाल औषधानें रिकामी करावी लागते. केंस गळतात, तोंड सोलून निघतें, वंध्यत्वाचा धोका असतो, रुग्णालयांत कित्येक आठवडे काढावे लागतात. अमेरिकेंत ठरलेली किंमत बावीस लक्ष डॉलर. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर हा आंकडा सांगणेंही क्रूरपणाचें होईल. तेथें आज उपयोगी पडते ती हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी. मूळची कर्करोगाची ही गोळी बाळपणचेंच हीमोग्लोबिन थोडें वाढविते. भारतांत जुलै २०२३ मध्यें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्यें दिल्लीच्या शासकीय संशोधनसंस्थेंत सिद्ध झालेली स्वदेशी जनुकचिकित्सा 'बिरसा १०१' या नांवानें जाहीर झाली व तिचें तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोंपविण्यांत आलें. ती रोग्यांपर्यंत पोंचण्यापूर्वीं चांचण्यांचा लांब पल्ला ओलांडायचा आहे.

आणि ती पोंचली तरी एक गोष्ट बदलत नाहीं. या चिकित्सेनें पालटते ती अस्थिमज्जा. बीजपेशी पूर्ववत् राहतात. बऱ्या झालेल्या स्त्रीच्या प्रत्येक अपत्याला सदोष जनुकाची एक प्रत तिच्याकडून मिळणारच. दुसरी मिळते कीं नाहीं, हें पित्याच्या रक्तावर अवलंबून. म्हणून लग्न ठरण्यापूर्वीं दोघांचीही रक्तपरीक्षा आवश्यक आहे. ती टाळली जाते याचें कारण बहुधा खर्च नसून भीति असते. मुलगी वाहक निघाली तर स्थळ मोडेल, म्हणून चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशीं जाते. मुलाची चिठ्ठी तर पुष्कळदां कोणी मागतही नाहीं. वस्तुतः एक वाहक असला व दुसऱ्याच्या रक्तांत सिकलसेल, थॅलासेमिया किंवा हीमोग्लोबिनचा तसाच अन्य दोष नसला, तर त्यांच्या एकाही अपत्याला हा रोग होत नाहीं.